प्रथिनांचा हिशेब

व्यायामशाळेत नव्याने जाऊ लागलेल्या तरुणाला पहिल्या महिन्यातच एक सल्ला मिळतो : ‘नुसते वजन उचलून काय होणार? पावडरचा डबा आण.’ डब्याची किंमत ऐकून तो बिचकतो. बेताच्या पगारात घरभाडे द्यायचे, गावी पैसे धाडायचे, की हा डबा घ्यायचा? डबा परवडत नाही म्हणून व्यायामच सोडून देणारेही असतात. म्हणून आज या खर्चाचा थोडा हिशेब मांडू.

प्रथम गरज किती, ते पाहू. आपल्याकडील आहारशास्त्रज्ञांनी २०२० साली निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली आहेत. वजने उचलून स्नायू कमावणाऱ्यास अधिक लागतात. पण सुमारे १.६ ग्रॅमच्या पलीकडे फारसा लाभ बहुतेकांच्या बाबतीत दिसत नाही. म्हणजे साठ किलो वजनाच्या तरुणास रोज ९६ ग्रॅम झाली.

ही ताटातून मिळतील काय? दिवसभराच्या साडेतीनशे ग्रॅम ज्वारी-गव्हातून सुमारे ३५ ग्रॅम, पाऊण वाटी कोरड्या डाळीतून १६ आणि अर्ध्या लिटर दुधातून १६ ग्रॅम मिळतात. मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम, भुईमुगाचे दाणे १२ देतात, तर तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या १५. बेरीज ९४ झाली. अंडी खाणाऱ्यास दोन अंड्यांतून आणखी १२ मिळतील. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळींत मेथिओनिन कमी असते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भाकरी, खिचडी किंवा उत्तरेत राहणाऱ्यांच्या ओळखीचे सत्तू हे म्हणूनच शहाणपणाचे अन्न आहे. तालमीतल्या थंडाईत बदामाचा मान मोठा. पण तितक्याच वजनाच्या शेंगदाण्यांत प्रथिने बदामाहून कमी नाहीत, आणि किमतीतील अंतर सर्वांस ठाऊक आहे.

मग पावडर निरुपयोगी आहे काय? तसे नव्हे. चीज करताना दुधाचे जे पाणी उरते, त्यातील प्रथिने वेगळी काढून व्हे पावडर बनते. तिची प्रथिने उत्तम प्रतीची व पचण्यास सुलभ असतात. कामाच्या वेळांमुळे ज्याला नीट जेवता येत नाही, त्याची तिने सोय होते. परंतु ती औषध नव्हे, केवळ अन्न होय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने तर शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

तरीही घ्यायचीच असेल, तर डब्याची किंमत पाहू नका. एका ग्रॅम प्रथिनाची किंमत काढा. किलोभर पावडरीत शेकडा ७० प्रथिने असतील, तर किमतीला ७०० ने भागा. हाच भागाकार सोयावडी, फुटाणे आणि सायविरहित दुधाच्या पुडीवरही करून पाहा. या पुडीचा सुमारे तिसरा हिस्सा प्रथिनेच असतात.

स्वस्त डब्यापासून मात्र सावध असावे. प्रथिने मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. त्यामुळे ग्लायसिनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळले की आकडा फुगतो, स्नायू फुगत नाहीत. घटकांच्या यादीत अशी नावे वेगळी दिसली, किंवा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक नसला, तर डबा परत ठेवावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वैद्याला विचारल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत.

शेवटी, स्नायू वाढतात ते नियमित श्रमाने आणि पुरेशा झोपेने. प्रथिने ही केवळ विटा. गवंडीच कामावर आला नाही, तर विटांचा ढीग कितीही महाग असला तरी भिंत उभी राहत नाही. डबा परवडत नाही म्हणून तालीम सोडू नये. आधी ताटाचा हिशेब करावा. उणे राहिलेच, तर मग बाजाराकडे वळावे.