व्ह्यू, कॅश आणि माथेरानची शटल

समजा प्रोजेक्टसाठी अमन लॉज ते माथेरान शटलच्या तिकिटांचा डेटाबेस करायचाय. एका टेबलात वेळापत्रक, दुसऱ्यात विकलेली तिकिटं. दोन्ही जोडून 'शिल्लक जागा' हा व्ह्यू केला. क्वेरी सोपी झाली, पण वेगवान झाली का? नाही! व्ह्यू म्हणजे साठवलेला डेटा नव्हे, साठवलेली क्वेरी. दरवेळी खालची टेबलं पुन्हा वाचली जातात.

मायएसक्यूएलमध्ये यावर क्वेरी कॅशचा उतारा होता. तीच क्वेरी अक्षर न् अक्षर तशीच आली, की तयार उत्तर मिळायचं, व्ह्यूवरच्या क्वेरीलाही. मग घोडं अडायचं कुठे? खालच्या टेबलात एक ओळ जरी बदलली, की त्या टेबलावरची सगळी उत्तरं रद्द! रविवारचं एक तिकीट खपलं, की सोमवारच्या गाडीचं उत्तरही गेलं. व्ह्यूमध्ये 'आत्ताची वेळ' देणारं फंक्शन असेल, तर उत्तर कॅशमध्ये जायचंच नाही. शिवाय अख्ख्या कॅशला एकच कुलूप. गर्दीत क्वेऱ्या तिथेच रांगेत उभ्या. शेवटी २०१८ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीतून क्वेरी कॅश काढूनच टाकली.

मग करायचं काय? क्वचित बदलणारं वेळापत्रक वेगळं विचारा आणि आपल्या प्रोग्रॅममध्येच जपून ठेवा. ते बदललं की जुनं फेकायची जबाबदारीही आता आपलीच. शिल्लक जागा मात्र तिकीट देताना थेट टेबलातूनच तपासा, तीही ट्रान्झॅक्शनमध्ये. उत्तर जरा उशिरा आलं तर चालेल, पण एका सीटवर दोन प्रवासी नकोत!