सिसिलीचा ध्वज : परकीय सत्तांचा वारसा आणि प्रादेशिक अस्मिता

प्रस्तावना :
भूमध्य समुद्रातील सिसिली हे बेट आज इटलीचा एक स्वायत्त प्रदेश आहे. ग्रीक, रोमन, बायझंटाइन, अरब, नॉर्मन, फ्रेंच, स्पॅनिश अशा अनेक सत्ता येथे नांदल्या. दीर्घ परकीय राजवटीतून या बेटाची अस्मिता कशी घडली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात त्याच्या ध्वजाच्या आधारे केले आहे.

ध्वजाचे स्वरूप :
कर्णरेषेने तांबड्या व पिवळ्या भागांत विभागलेल्या या ध्वजाच्या मध्यभागी ‘त्रिनाक्रिया’ हे चिन्ह आहे. ग्रीक पुराणकथेतील मेदुसेचे मस्तक, त्याभोवती गुडघ्यात वाकलेले तीन पाय आणि गव्हाच्या तीन लोंब्या असे त्याचे रूप आहे. तीन पाय हे बेटाच्या तीन भूशिरांचे द्योतक मानले जातात. लोंब्या सुपीकता दर्शवितात. परंतु रोमचा पहिला प्रांत म्हणून या भूमीने रोमला पुरविलेल्या धान्याचेही त्या स्मरण देतात.

उठावाची स्मृती :
तांबडा रंग पालेर्मोचा, तर पिवळा कोर्लेओनेचा मानला जातो. इ.स. 1282 मध्ये आंजूच्या चार्ल्सच्या जुलमी राजवटीविरुद्ध पालेर्मोत उठाव झाला. ‘सिसिलियन व्हेस्पर्स’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्या वेळी ही दोन नगरे एकत्र आली. मात्र फ्रेंचांना हुसकावून लावणाऱ्या सिसिलीने त्याच वर्षी आरागॉनचा राजा तिसरा पीटर यास पाचारण केले आणि एका परकीय सत्तेची जागा दुसरीने घेतली.

वारशाचे दुहेरी रूप :
परकीय सत्तांनी केवळ शोषणच केले, असे म्हणता येत नाही. काल्तानिसेत्ता या नगरनामातील ‘काल्ता’ हा अंश अरबी ‘कलआ’ या शब्दापासून आला आहे. मराठीतील ‘किल्ला’ही त्याच शब्दाचे रूप होय. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या दरबारात अल् इद्रीसी या अरब भूगोलवेत्त्याने जगाचा नकाशा सिद्ध केला.

समारोप :
1860 मध्ये गॅरिबाल्डीच्या मोहिमेनंतर सिसिली एकसंध होत असलेल्या इटलीत सामील झाली. तथापि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तेथे फुटीर चळवळ उभी राहिली. 1946 मध्ये बेटास विशेष स्वायत्तता मिळाली, तर वर्तमान ध्वजास 2000 मध्ये अधिकृत मान्यता लाभली. परकीयांविरुद्धच्या उठावाचे स्मरण देणाऱ्या या ध्वजावरील चिन्ह मात्र ग्रीकांकडून आलेले आहे. जे बाहेरून आले, त्यातील बरेच सिसिलीने आपले म्हणून स्वीकारले. म्हणूनच प्रतिकार आणि स्वीकार या दोहोंतून तिची अस्मिता साकारली, असे म्हणावे लागते.