मान डोलावण्याआधी तपासा : स्टोइक विचार, धम्म आणि वऱ्हाडचा अनुभव

१३ नोव्हेंबर २०२१. त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ आदल्या दिवशी मोर्चा निघाला होता, त्याचे पडसाद म्हणून अमरावती बंद. दगडफेक, जाळपोळ, मग संचारबंदी. १३ मे २०२३. समाजमाध्यमावरील एका पोस्टवरून अकोल्याच्या जुन्या शहरात दोन गट भिडले, एकाचा जीव गेला. दोन्ही वेळा प्रशासनाला इंटरनेट बंद करावे लागले. दुखणे कुठे आहे हे यावरूनच कळते. मोबाइलवर काहीतरी दिसणे आणि हातात दगड येणे, यांच्यामध्ये विचाराला जागाच उरली नव्हती.

नेमक्या याच जागेचा विचार दोन हजार वर्षांपूर्वी स्टोइक तत्त्वज्ञांनी केला. इसवी सनपूर्व ३०० च्या सुमारास झेनो अथेन्समधील एका चित्रांनी सजवलेल्या ओसरीत शिकवत असे. ओसरीला ग्रीक भाषेत 'स्टोआ' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. त्यांच्या मते आपल्या प्रत्येक कृतीमागे तीन पायऱ्या असतात. आधी मनावर ठसा उमटतो. मग बुद्धी त्याला संमती देते किंवा नाकारते. संमती दिली की कृतीची ओढ निर्माण होते. ठसा उमटणे आपल्या हातात नसते. संमती मात्र पूर्णपणे आपली असते.

आपल्याकडचे साधे उदाहरण घेऊ. "उद्या कापसाचे भाव पडणार" असे कोणी शेतकऱ्याला सांगितले. अमुक माणूस असे बोलला, एवढीच वस्तुस्थिती आहे. "भाव पडणारच, आजच विकून टाकू" हा त्यावर आपण चढवलेला निवाडा. स्टोइक सांगतात, या दोन गोष्टी वेगळ्या करा. पुरावा नसेल तर 'हो' म्हणू नका, 'नाही'ही म्हणू नका, थांबा. संमती राखून ठेवणे हासुद्धा बुद्धीचाच निर्णय आहे.

झेनो हे हाताने समजावत असे, अशी नोंद रोमन लेखक सिसेरोने केली आहे. उघडा तळहात म्हणजे ठसा. थोडी वळलेली बोटे म्हणजे संमती. आवळलेली मूठ म्हणजे आकलन. त्या मुठीला दुसऱ्या हाताने घट्ट धरणे म्हणजे ज्ञान. आज मेसेज पुढे ढकलणारे बहुतेक जण तळहात उघडा असतानाच ज्ञान झाल्याच्या थाटात बोलतात.

धम्म जाणणाऱ्याला हे परके वाटणार नाही. अंगुत्तर निकायातील केसमुत्ति सुत्तात तथागतांनी कालामांना हेच सांगितले : ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका. प्रतीत्यसमुत्पादातही स्पर्शातून वेदना आणि वेदनेतून तृष्णा अशी साखळी आहे. वेदनेच्या क्षणी जागे राहिलो तर साखळी तुटते. फरकही लक्षात ठेवला पाहिजे. स्टोइक हे विश्व एका दैवी विवेकाने चालते असे मानत. बौद्ध विचाराला तशा नियंत्याची गरज नाही.

इथे आमचे वाचक एक रास्त प्रश्न विचारतील. "निवाडा तपासा, मन शांत ठेवा" हा उपदेश शोषितांना गप्प बसवण्यासाठी तर नाही ना? शंका बिनबुडाची नाही. एपिक्टेटस हा थोर स्टोइक स्वतः गुलाम होता आणि मार्कस ऑरेलियस सम्राट होता. सर्व माणसांत एकच विवेक आहे असे दोघेही मानत, तरी गुलामगिरी मोडण्याची चळवळ स्टोइकांनी उभारली नाही.

ती उणीव कशी भरून निघते, हे बाबासाहेबांकडे पाहिल्यावर कळते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर "अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार" अशी अफवा उठली आणि आपल्या लोकांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी चिडलेल्या अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून रोखले. त्याच वर्षी, १३ नोव्हेंबरलाच, अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विषय होता अंबादेवी मंदिर प्रवेशाचा. त्याच दिवसांत थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी त्यांना मिळाली. तरीही परिषदेचे काम झाले. विश्वस्तांना फेरविचाराला वेळ मिळावा म्हणून सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला, मंदिर प्रवेशाचा हक्क मात्र सोडला नाही. पुढच्याच महिन्यात, २५ डिसेंबरला, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. थांबणे आणि माघार घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका वर्षाने दाखवून दिले.

म्हणून विहारात, चावडीवर, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही आले की तीन प्रश्न विचारू या. यात प्रत्यक्ष घडलेले किती आणि कोणी चढवलेले किती? हे खरे आहे हे मला कशावरून कळले? यावर मी जे करणार आहे, त्याने कोणाचे भले होणार? आपल्या वस्त्यांनी दंगलीची किंमत मोजली आहे. पोरांवर गुन्हे दाखल झाले की शिक्षण आणि नोकरी दोन्ही अडकते. अन्यायाविरुद्ध उभे राहायचेच आहे, पण कोणाच्या तरी फॉरवर्डवर नव्हे, स्वतः तपासून, एकत्र बसून ठरवून.