टेनिसची रॅकेट निवडतांना

ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीच्या मार्गावरील नातेपुत्याहून पुणें काय किंवा सोलापूर काय, दोन्ही शहरें शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. अशा गांवच्या गृहस्थास टेनिसची चांगली रॅकेट पाहिजे झाली तर शहराची वाट धरावी लागते, नाहीं तर ती घरबसल्या मागवावी लागते. आणि आणलेली रॅकेट हाताला बसली नाहीं तर ती बदलून आणणें सोपें नसतें. क्लबांत दुसऱ्याची रॅकेट घटकाभर मागून पाहण्याची सोय नसेल तेथें हाताचें माप घरींच घेऊन निघावें.

दुकानांत पहिला मोह होतो तो नामांकित विजेत्याच्या रॅकेटचा. लांकडी रॅकेटच्या काळीं या मोहापासून फारसें नुकसान नव्हतें. १९२१ सालीं डेव्हिस चषकासाठीं भारताचा संघ प्रथम उतरला, त्यांत मुंबईचे अथर अली फैजी होते. त्या काळीं अशा खेळाडूच्या आणि नवशिक्याच्या रॅकेटींत आकाराचा भेद थोडाच असे. दोहोंचेंहि डोकें सुमारें ६५ चौरस इंचांचें. १९७६ सालीं अमेरिकेंतील हॉवर्ड हेड यांच्या रचनेची मोठ्या डोक्याची रॅकेट बाजारांत आली आणि निवडीचा खरा प्रश्न तेव्हां उभा राहिला.

चेंडू मध्यभागीं न लागतां कडेला लागला कीं रॅकेट हातांत पिळवटते. डोकें रुंद असेल तर ही पिळवट कमी होते. म्हणून नवशिक्या प्रौढास १०० ते ११० चौरस इंचांचें डोकें आणि तांत न ओढलेल्या स्थितींत २६० ते २८० ग्रॅम वजन सोयीचें पडतें. ज्याचा चेंडू नेमानें मध्यभागीं लागतो, त्यानें खुशाल ३०० ग्रॅमांची व लहान डोक्याची घ्यावी. वेगवान चेंडूपुढें ती डगमगत नाहीं. नवशिक्याच्या हातीं मात्र तीच रॅकेट क्षणभर उशिरां पोहोंचते.

मुठीचें माप अनामिकेच्या टोंकापासून तळहाताच्या मधल्या आडव्या रेषेपर्यंत घ्यावें. तें सव्वाचार इंच भरलें तर मुठीचा घेरहि तितकाच. दोन मापांत संशय पडल्यास लहान घ्यावें. वर पट्टी गुंडाळून मूठ जाड करतां येते, बारीक करतां येत नाहीं.

मुलांच्या बाबतींत आईबापांचा हिशेब हमखास चुकतो. वाढत्या अंगाचा सदरा घ्यावा तशी ते मोठ्यांची २७ इंची रॅकेट घेतात, आणि पोर तिच्या वजनानें मनगट वांकवून खेळावयास शिकतें. ही खोड पुढें जातां जात नाहीं. मुलांसाठीं १९ इंचांपासून २६ इंचांपर्यंत रॅकेटी मिळतात; निवड वयापेक्षां उंचीवरून करावी.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट तांतीची, म्हणजे खेळाडू जिला ‘गटिंग’ म्हणतात तिची. जाळी जितकी घट्ट तितका चेंडू वेगानें जातो, अशी समजूत पुष्कळांची आहे. प्रत्यक्षांत उलट घडतें. घट्ट जाळीवर चेंडूच अधिक दबतो व त्या दबण्यांत शक्ति वायां जाते. सैल जाळी स्वतः मागें सरते आणि घेतलेली शक्ति बहुतेक परत देते. घट्ट जाळीनें नेम साधण्यास मदत होते, पण हादरा कोंपरापर्यंत पोहोंचतो. पॉलिएस्टरची ताठ तांत विजेत्यांच्या रॅकेटींत दिसते, ती नवशिक्यानें टाळावी. मऊ नायलॉनची तांत ५० ते ५२ पौंडांच्या ताणानें ओढून घेणें बरें. रॅकेट नवी असली तरी दुकानदारास तांत कोणती व ताण किती हें विचारावें; पुष्कळ स्वस्त रॅकेटींची किंमत याच ठिकाणीं वांचविलेली असते.

उन्हाळ्यांत बंद मोटारींत राहिलेल्या रॅकेटची तांत लौकर सैल पडते. माळशिरस तालुक्यांतील चैत्र-वैशाखाचें ऊन पाहतां ती घरांतच ठेवावी, आणि शहरास जाणें होईल तेव्हां गटिंग नवें करून आणावें.