एकच सूर विरतो, गाणे मात्र ऐकू येते

फळ्याजवळ एक स्पीकर ठेवा. मोबाइलवरच्या एखाद्या ॲपने १००० हर्ट्‌झचा एकच एक सूर त्यातून वाजवा. मुलांना एक कान बोटाने बंद करून डोके सावकाश इकडेतिकडे हलवायला सांगा. आम्ही हा प्रयोग आठवीच्या वर्गात केला तेव्हा मिनिटाभरातच ओरडा सुरू झाला. "सर, इथं आवाज गेला!" "माझ्याकडे तर जोरात येतोय!" चार बोटे डोके सरकवले की सूर जवळजवळ नाहीसा होई, आणखी चार बोटे सरकवले की परत येई. मग त्याच स्पीकरवर गाणे लावले. आता आवाज जाण्याची जागा काही केल्या कुणाला सापडेना.

असे का झाले? कानाशी स्पीकरचा थेट ध्वनी पोचतो, तसाच भिंतींवरून परतलेलाही पोचतो. या दोन वाटांच्या लांबीत अर्ध्या तरंगलांबीचा फरक असला की एकाचे शृंग दुसऱ्याच्या गर्तावर पडते आणि दोन्ही एकमेकांना मारतात. गाण्यात मात्र शेकडो वारंवारता असतात. एका जागी त्यांतली एखादी मेली तरी शेजारच्या जिवंत राहतात.

योगायोग असा, की १००० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर आणि ९०० मेगाहर्ट्‌झच्या रेडिओलहरीची सुमारे ३३. म्हणजे मोबाइलचा संदेश विरण्याचे जवळजवळ मोजूनमापून केलेले प्रारूपच आपल्या वर्गात तयार होते! तिथे भिंतींचे काम इमारती आणि डोंगर करतात.

आता थोडे गणित करू. टॉवरकडून थेट आलेली लहर आणि इमारतीवरून वळून आलेली लहर यांच्या वाटांत ३०० मीटरचा फरक आहे असे धरा. ९०० मेगाहर्ट्‌झला या फरकात बरोबर ९०० तरंग बसतात. शृंगावर शृंग येते. ९००.५ मेगाहर्ट्‌झला साडेनऊशे नव्हे, ९०० आणि वर अर्धा तरंग बसतो; शृंगावर गर्त येते. ९०१ ला पुन्हा जोर. म्हणजे दर एक मेगाहर्ट्‌झला एक खड्डा. (हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. फरक १५० मीटर घेतला तर खड्डे किती अंतरावर पडतील?)

संदेशाने व्यापलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी म्हणजे बँडविड्थ. अमेरिकेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पिढीच्या मोबाइलची एक वाहिनी ३० किलोहर्ट्‌झची होती. एवढा अरुंद पट्टा वरच्या खड्ड्यात अख्खा बुडतो; हा आपला एकटा सूर. जीएसएमची वाहिनी २०० किलोहर्ट्‌झची. तीही बुडू शकते, म्हणून तिला सेकंदाला २१७ वेळा वारंवारता बदलत उड्या मारण्याची सोय ठेवली. तिसऱ्या पिढीचा ५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा पाच-पाच खड्डे ओलांडून बसतो. काही भाग जातो, बाकीचा तरतो. हे आपले गाणे.

रुंद पट्टा म्हणजे फक्त जास्त वेग, असे आम्ही बरीच वर्षे समजत होतो. तो वेग खराच, पण त्याची किंमतही आहे. पट्ट्याचे काही भाग दबले, काही उठले, की संदेशाचा आकार बिघडतो. एका चिन्हाचा प्रतिध्वनी पुढच्या चिन्हावर पडतो. चौथ्या पिढीने यावर नामी तोड काढली. २० मेगाहर्ट्‌झचा पट्टा तिने १५ किलोहर्ट्‌झच्या १२०० बारीक चिरोट्यांत वाटला आणि माहिती अशा सांकेतिक रीतीने पसरली, की बुडालेल्या चिरोट्यांतली माहिती तरलेल्यांवरून परत मिळवता यावी.

तरीही ५ मेगाहर्ट्‌झ म्हणजे नेहमीच 'रुंद' असे मात्र मानू नये. घराच्या खोलीत वाटांचा फरक १५ मीटरच असेल तर खड्डे २० मेगाहर्ट्‌झच्या अंतराने पडतात, आणि एकेक खड्डा इतका ऐसपैस असतो की ५ मेगाहर्ट्‌झचा पट्टाही त्यात मावू शकतो. तिथे फोनमधल्या दोन अँटेनांचा उपयोग होतो. एक खड्ड्यात सापडली तरी दुसरी बहुधा बाहेर असते. एकच अँटेना असलेल्या जुन्या फोनवर बोलताना आवाज गेला, की माणसे नकळत दोन पावले सरकतात. खरे तर आठवीच्या मुलांसारखी चार बोटेही पुरली असती.