किडनीचे नॅनो बॉडीगार्ड!

मालवण वीकएन्डचा फंडा ठरलेला: स्कूबा, किल्ला, डोक्यावर ऊन, पोटात पाणी कमी आणि अंग दुखलं की पेनकिलर! या कॉम्बिनेशनने किडनीचा रक्तपुरवठा घटू शकतो. तो घटून पुन्हा सुरू झाला, की फ्री रॅडिकल्स तिथल्या पेशींवर तुटून पडतात. त्यांना टिपणारे अँटिऑक्सिडंट नॅनोकण शास्त्रज्ञ बनवताहेत. २०१८ मध्ये डीएनएच्या घड्या घालून केलेले असे कण उंदरांच्या किडनीत साठले आणि दुखावलेली किडनी सावरली. सॉलिड ना? पण हा प्रयोग उंदरांवरचा. कोकमाच्या सालीतही गार्सिनॉल हे अँटिऑक्सिडंट असतं. तरी कोकम सरबताला मी औषध म्हणणार नाही. त्यातलं पाणी मात्र कामाचं! तेव्हा मंडळी, आधी बाटली भरा. गोळी डॉक्टरांना विचारूनच.