मधल्या अडथळ्याचा शोध

धरणात पाणी आहे एवढ्याने शेत भिजत नाही, ही गोष्ट कालव्याच्या टेलला राहणाऱ्या शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. पाणी मधल्या वाटेत कोठे अडले, कोठे मुरले, यावर त्याचे पीक अवलंबून असते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या प्रवरेच्या कालव्यांनी बेलापूर-श्रीरामपूर परिसराचे रूप पालटून टाकले. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना आणि १९५० साली प्रवरानगरला सुरू झालेला सहकारी साखर कारखाना ही त्याच पाण्याची फळे होत. परंतु या समृद्धीच्या प्रदेशातही टेलच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे कधी संपले नाही.

ज्या वर्षी हे धरण पुरे झाले, त्याच १९२६ साली मुंबईत परळ येथे के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. त्याला जोडलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापनाच्या जागा भारतीयांनाच मिळाव्यात, अशी अट देणगीदारांनी घातली होती. परकीय राजवटीत ही अट साधी नव्हती. आपल्या रोगांचे ज्ञान आपल्याच माणसांनी मिळवावे, असा आग्रह तिच्यामागे होता. हा आग्रह सार्थ ठरविणाऱ्यांमध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९१५ साली जन्मलेले, कलकत्त्याच्या कुटुंबातले, पण नागपुरात वाढलेले सेन याच महाविद्यालयात शिकले, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उच्च प्रशिक्षण घेऊन परत आले आणि महानगरपालिकेच्या या रुग्णालयातच त्यांनी हयातीतील मुख्य कार्य केले.

प्रसिद्धी आणि कार्य

सेन यांचे नाव आज घेतले जाते ते बहुधा एकाच कारणासाठी. १९६८ च्या फेब्रुवारीत त्यांनी के. ई. एम. मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातील पहिले हृदयारोपण केल्याला तेव्हा अवघे अडीच महिने झाले होते. असे धाडस करणारे सेन हे जगातील चौथे शस्त्रवैद्य. रोगी एक तरुण शेतकरी होता. तो सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रयत्नातला रोगीही एक दिवस काढू शकला नाही. पुढे १९९४ साली दिल्लीत डॉ. वेणुगोपाळ यांच्या हातून भारतातील पहिले यशस्वी हृदयारोपण झाले. मेंदूच्या मृत्यूला मान्यता देणारा कायदाही त्याच वर्षी संमत झाला.

गरीब देशाला असले खर्चिक साहस परवडते काय, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु सेन यांच्या कार्याचा हिशेब या तीन तासांवरून मांडणे म्हणजे एका दिवसाच्या बाजारभावावरून शेतकऱ्याच्या साऱ्या वर्षाची किंमत ठरविण्यासारखे आहे. त्या तीन तासांच्या आधी आणि नंतर कित्येक वर्षे चाललेले एक काम होते. त्याला ठळक मथळे मिळाले नाहीत. रक्तवाहिन्यांच्या जागतिक शास्त्रात मात्र त्याला कायमचे स्थान मिळाले.

हृदयातून निघून छाती व पोट यांमधून खाली उतरणारी महारोहिणी हा शरीराचा मुख्य कालवा. डोके, हात, मूत्रपिंडे, पाय यांना रक्त पुरविणाऱ्या चाऱ्या तिला ठिकठिकाणी फुटतात. के. ई. एम. मध्ये काही तरुण रोगी असे येत, की ज्यांच्या हातातला रक्तदाब भयंकर वाढलेला असे आणि पायातील नाडी मात्र जेमतेम लागे. महारोहिणीची भिंत दाहाने जाड होऊन मधल्या भागातच तिचा मार्ग अरुंद झालेला असे. अडथळ्याच्या वर दाब वाढावा आणि खाली पाणी पोचू नये, अशीच ही गत. त्यात मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रोहिणींची तोंडे आवळली गेली, म्हणजे संकट दुणावते. मूत्रपिंडाला वाटते की साऱ्या शरीरातच रक्ताची टंचाई आहे. ते दाब वाढविणारी द्रव्ये सोडण्यास कारण होते आणि मुळात चढलेला दाब आणखी चढतो. पंचविशीतल्या माणसाचे हृदय वा मेंदू त्यापुढे टिकाव धरू शकत नाही.

आपल्या रोगाची आपली ओळख

पाठ्यपुस्तकांत या रोगाचे वर्णन नव्हते असे नाही. १९०८ साली जपानी नेत्रवैद्य ताकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्यातील रक्तवाहिन्यांचे विलक्षण रूप नोंदविले. पुढे मनगटाची नाडी नाहीशी करणारा रोग म्हणून तो जगाला माहीत झाला. जपानमधील रोग्यांत महारोहिणीची वरची कमान आणि तिच्या शाखा अधिक बाधित होत. भारतातील रोग्यांत पोटातील भाग आणि मूत्रपिंडाच्या रोहिणी यांवर रोगाचा रोख अधिक दिसे. केवळ परदेशी पुस्तक वाचून नाडी पाहणारा वैद्य हाताची नाडी व्यवस्थित लागते म्हणून निश्चिंत झाला असता आणि रोग पोटात तसाच वाढत राहिला असता.

सेन यांनी डॉ. परूळकर, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किनरे, डॉ. केळकर अशा सहकाऱ्यांना बरोबर घेऊन या रोग्यांच्या नोंदी जमविल्या. १९६२ साली अमेरिकेतील ‘सर्जरी’ या नियतकालिकात महारोहिणीच्या या अज्ञात कारणाच्या दाहावर त्यांचा निबंध आला. १९६३ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांनी मधल्या महारोहिणीच्या या लक्षणसमूहाला जे नाव दिले, ते आज जगभर वापरले जाते. १९७३ साली १०१ रोग्यांच्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे पहिल्या निबंधापासून ग्रंथापर्यंत अकरा वर्षे. या अवधीत शस्त्रक्रियेने काय साधते आणि काय साधत नाही, तसेच शवविच्छेदनाने कोणता तर्क खरा आणि कोणता खोटा ठरतो, याचा सतत ताळा घेतला जात होता.

त्यांचे सारेच तर्क फळाला आले असे नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू आपल्याच पोकळीतल्या रक्तावर पोसला जातो, या निरीक्षणावरून त्यांनी १९६५ साली हृदयाच्या स्नायूला सूक्ष्म छिद्रे पाडून रक्त देण्याची कल्पना मांडली. पुढे परदेशात हीच कल्पना लेसर किरणांच्या साहाय्याने राबविली गेली. छातीतल्या वेदनेला तिने काहींना उतार पडला, पण आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. संशोधनाच्या जमाखर्चात असा खर्च धरावाच लागतो. प्रत्येक बियाणे उगवलेच पाहिजे, अशी अट घालणाऱ्याने पेरणीच करू नये.

ज्ञानाचा टेल

अर्थशास्त्राच्या भाषेत असे ज्ञान हा सार्वजनिक माल होय. एकाने वापरला म्हणून दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही, आणि म्हणूनच तो निर्माण करण्यात कोणाही खाजगी व्यापाऱ्याला फारसा नफा नसतो. गरिबांच्या रोगाबाबत तर मुळीच नसतो. सेन यांचे संशोधन महानगरपालिकेच्या रुग्णालयात झाले हा योगायोग नव्हे. तेथे उपचारासाठी येणाऱ्या सामान्य माणसांमुळेच एका दुर्मीळ रोगाचे १०१ रोगी एका छपराखाली पाहता आले. लोक म्हणतात, त्यांना फुकट उपचार मिळाले. वस्तुतः त्यांनी आपल्या देहाच्या नोंदी देऊन त्याची पुरेपूर किंमत चुकविली आहे. देणे लागते ते समाजाचे.

हे देणे कसे फिटणार? सेन १९८२ साली निवर्तले. त्यानंतर बेलापूरच्या आसपासचे चित्र बदलले आहे. लोणीला १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एके काळी उघडी शस्त्रक्रिया करून कृत्रिम नळी बसवावी लागे, तेथे आता बऱ्याच रोग्यांची अरुंद रोहिणी फुग्याने रुंद करता येते, दाह औषधाने आवरता येतो. धरण भरले आहे. प्रश्न टेलचा आहे. तरुण माणसाचा रक्तदाब वाढलेला आढळला, तर त्याच्या पायाचा दाब मोजावा आणि घोट्याजवळची नाडी चाचपून पाहावी, एवढ्याने मधल्या अडथळ्याचा संशय येऊ शकतो. यास लागते एक साधे यंत्र आणि पाच मिनिटांचा वेळ. परंतु गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात दंडाला पट्टा बांधला की तपासणी संपते. जोडे काढायला सांगण्यास फुरसत कोणाला?

दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. ताकायासू यांनी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले त्याच १९०८ साली न्यू यॉर्कच्या लिओ बर्गर यांनी तरुण पुरुषांच्या पायांच्या लहान रक्तवाहिन्या बंद पाडून बोटे सडविणाऱ्या रोगाचे वर्णन केले. हा रोग तंबाखूशी घट्ट बांधलेला आहे. बिडी-सिगारेट आणि तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय. ती सुटली नाही तर आज बोट, उद्या पाय जातो. संगमनेर-सिन्नर भागात पिढ्यान्‌पिढ्या बिड्या वळल्या जात आल्या आहेत आणि श्रमाचा शीण घालविण्यासाठी त्या शेतमजुराच्या हाती आल्या आहेत. मजुराचा पाय हेच त्याचे भांडवल. ते गेल्यावर घराचा डोलारा कशावर उभा राहणार? शंभर वर्षांहून जुने हे ज्ञान अद्याप शेताच्या बांधापर्यंत पुरते पोचलेले नाही.

तेव्हा उणीव आहे ती ज्ञानाची नव्हे, ते वाहून नेणाऱ्या चाऱ्यांची. संशोधन इंग्रजी नियतकालिकात छापले जाते आणि बव्हंशी तेथेच मुरते. ते मराठीत आणणे, शाळेच्या वर्गात सांगणे, तालुक्याच्या दवाखान्यात रोग्यांच्या नोंदी नीट ठेवणे, ही कामे प्रतिष्ठेची मानली जात नाहीत. वास्तविक त्या १०१ रोग्यांचा अभ्यासही नीट ठेवलेल्या केसपेपरांवरच उभा होता. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांपैकी कोणालाही या कामात हातभार लावता येण्यासारखा आहे. त्याला शस्त्रवैद्याची पदवी लागत नाही.

सेन यांनी शरीराच्या मुख्य कालव्यातला मधला अडथळा शोधून जगाला दाखविला. ज्ञानाच्या कालव्यातला अडथळा शोधून दूर करण्याचे काम त्यांच्या मागे राहिलेल्यांचे आहे. ते झाल्याखेरीज मुंबईत भरलेल्या धरणाचा बेलापूरच्या टेलला उपयोग नाही.